मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची विक्री : वादाची पार्श्वभूमी

जून २०२२ मध्ये विंडोजच्या ॲप स्टोअरच्या नियमावलीतील एक कलम बदलले आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर, पॅकेज करून (थेट वापरता येईल असे बांधून) विकणे न्याय्य आहे का, हा बराचसा निवळलेला वाद पुन्हा पेटला. मुक्तस्रोत किंवा एरवी सर्वसाधारणपणे फुकट उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरवर नफा मिळवण्याचा प्रयत्न करू नये, असे नवे कलम सांगत होते आणि १६ जुलैपासून ते लागू व्हायचे होते.

कलमामागचे कारण खरे होते. नावाजलेले सॉफ्टवेअर जसेच्या तसे उचलून, मूळ प्रकल्पाशी काहीही संबंध नसताना ते स्टोअरवर विकायला ठेवणारे लोक होतेच. २०१८ मध्ये लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरची अशीच एक प्रत तिथे विक्रीला आली होती. तिच्याशी आपला संबंध नाही आणि तिचे पैसे आपल्यापर्यंत येत नाहीत, असा खुलासा मूळ प्रकल्पाला करावा लागला होता. मात्र नव्या कलमाची भाषा इतकी सैल होती की तोतया विक्रेता आणि स्वतः सॉफ्टवेअर लिहिणारा, हे दोघेही तिच्या कचाट्यात सापडत होते. चित्रकारांचे क्रिटा हे सॉफ्टवेअर स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, पण स्टोअरवर २०१७ पासून ते किंमत लावून ठेवलेले आहे. पैसे देणाऱ्याला नव्या आवृत्त्या आपोआप मिळत राहतात आणि आलेली रक्कम विकासकांच्या मानधनाला उपयोगी पडते. फाइलींची देवाणघेवाण करणारे विनएससीपीही याच पद्धतीने विकले जाते. लिहिणाऱ्यालाच स्वतःच्या कामाचे मोल मागू न देणारा नियम चोरट्यांना रोखण्यासाठी आहे, हे म्हणणे पटणारे नव्हते. मुक्त सॉफ्टवेअरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका ना-नफा संस्थेने जाहीर आक्षेप घेतल्यावर अंमलबजावणी लांबणीवर पडली आणि १८ जुलैला कलमातील मुक्तस्रोताचा उल्लेखच काढून टाकण्यात आला. अवाजवी किमतींवरचे बंधन तेवढे राहिले, आणि नक्कल करणाऱ्यांविरुद्ध बौद्धिक संपदेच्या तक्रारीचा मार्ग खुला ठेवण्यात आला. हा मार्ग आधीपासूनच होता, हे इथे विसरता कामा नये.

ज्या तत्त्वावर हा आक्षेप उभा होता, ते फार जुने आहे. १९८५ च्या सुमारास मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा प्रवर्तक ईमॅक्स या मजकूर-संपादकाची चुंबकीय टेप १५० डॉलरला विकत असे, आणि ज्याच्याकडे नेटवर्क होते त्याला तेच ईमॅक्स फुकट उतरवून घेता येत असे. याच चळवळीतून आलेल्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीने प्रत पोहोचवण्याच्या कामाचे शुल्क घेण्यास स्पष्ट परवानगी दिली. मर्यादा घातली ती वेगळ्याच ठिकाणी. केवळ बायनरी, म्हणजे संगणकावर थेट चालणारे तयार रूप, देणाऱ्याने किमान तीन वर्षे सोर्स कोड देण्याची लेखी तयारी दाखवावी आणि त्यासाठी प्रत काढून पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेऊ नयेत, अशी ती अट आहे. म्हणजे पॅकेजची किंमत बाजारावर सोडली आणि सोर्सची किंमत मात्र बांधून टाकली. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने तर प्रत्येक प्रतीला कितीही किंमत लावता येईल, किंवा काहीच न लावताही ती देता येईल, असे निःसंदिग्धपणे लिहून ठेवले.

लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा आरंभ मात्र उलट्या टोकाला झाला होता. १९९१ मधील त्याच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वितरण करण्यास बंदी होती आणि हाताळणीचा खर्चही त्यातून सुटलेला नव्हता. फ्लॉपी विकत घेऊन, त्यांवर प्रती काढून त्या टपालाने पाठवणाऱ्याला स्वतःच्या खिशाला चाट लावावी लागली असती. लोकांच्या मागणीनंतर जानेवारी १९९२ मध्ये ही अट काढण्याची घोषणा झाली आणि १ फेब्रुवारीपासून जीपीएलचा स्वीकार झाला. पुढच्या दशकात लिनक्स घरोघरी पोहोचले ते बऱ्याच अंशी या एका निर्णयामुळे, असे माझे मत आहे. आपल्याकडे त्या काळी ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची, तर फोनची लाइन एकदाही न तुटता दिवसभराहून जास्त वेळ लागला असता. त्यामुळे संगणकविषयक मासिकासोबत येणारी लिनक्सची सीडी हाच अनेक विद्यार्थ्यांसाठी खरा मार्ग होता, आणि त्या मासिकाचे पैसे मोजताना कोणाला फसवले गेल्यासारखे वाटले नाही.

नंतरच्या काळात सीडी गेली, पण पॅकेज बांधण्याचे कष्ट गेले नाहीत. प्रत्येक कार्यप्रणालीसाठी वेगळी बायनरी बांधणे, तिच्यावर प्रमाणपत्राची डिजिटल स्वाक्षरी करणे आणि स्टोअरच्या अटींनुसार काही भाग वगळणे, हे सगळे कोणीतरी करत असते. ध्वनिमुद्रणाच्या अर्डूरचा सोर्स कोड खुला आहे, पण तयार बायनरीसाठी पैसे मागितले जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द लिबरऑफिसच्या मूळ संस्थेने मॅकच्या ॲप स्टोअरवर ८.९९ युरोला आपली आवृत्ती आणली. बाहेरच्या घटकांवर अवलंबून राहण्यास तिथे मनाई असल्याने तिच्यात जावा हा काही सुविधांना लागणारा घटक नाही, आणि संकेतस्थळावरची फुकट आवृत्ती पूर्वीसारखीच चालू आहे. किंमत उघड, फुकटचा मार्गही उघड आणि पैसा लिहिणाऱ्यांकडे, अशा या व्यवहारात अन्याय नेमका कोणावर होतो, हे विक्रीच्या विरोधकांनी दाखवून दिलेले नाही.

पैसे न मागताही अन्याय करता येतो, हे २०१५ मध्ये दिसले. सॉफ्टवेअर साठवून ठेवणाऱ्या एका जुन्या संकेतस्थळाने, मूळ प्रकल्प तिथून निघून गेल्यावर, गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींच्या सॉफ्टवेअरचे वेष्टन चढवले. वापरणाऱ्याने एक पैसाही दिला नाही, तरी त्याच्या संगणकावर नको असलेले काहीतरी येऊ शकत होते आणि बदनामी गिंपच्या वाट्याला येत होती.

जून २०२३ मध्ये वादाने आणखी एक वळण घेतले. उद्योगांना लिनक्स पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या सशुल्क वितरणाचा नेमका सोर्स फक्त ग्राहकांपुरता ठेवला. ज्याला बायनरी दिली त्याला सोर्स द्यावा, एवढेच जीपीएल मागतो, त्यामुळे हे परवान्यात बसते, असा कंपनीचा पक्ष आहे. परंतु मिळालेला सोर्स ग्राहकाने पुढे दिला, तर कंपनी सेवेचा करार संपवू शकते. परवाना देतो तो हक्क बजावल्याची किंमत ग्राहकाने अशा रीतीने मोजावी का, यावर कायद्याच्या जाणकारांतच एकमत नाही.