नाईफमधला 'के' कुठून आला?

ठाण्यातल्या मराठी घरांत इंग्रजी शब्दपाठाची वही अजून तशीच दिसते. पानावर तीन रकाने: स्पेलिंग, देवनागरीत उच्चार आणि अर्थ. नाईफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नीड म्हणजे कणीक मळणे, नो म्हणजे माहीत असणे. शिकवणी नौपाड्यातली असो की कळव्यातली, या यादीचं नाव 'के सायलेंट' आणि ती सुरात पाठ करायची. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीतच आलं; त्याआधी पाचवीपर्यंत त्याची गाठ पडत नसे. त्यामुळे 'म्हणायचा नाही, तर लिहायचा कशाला?' हा प्रश्न आता सहा-सात वर्षांचं मूल विचारतं. प्रश्न रास्त आहे. 'इंग्रजीत असंच असतं, पाठ कर' एवढ्यावर त्याची बोळवण करू नये, कारण त्याला खरं उत्तर आहे.

ते उत्तर असं, की हा 'के' पूर्वी म्हटला जात होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात सुरीला 'क्नीफ' म्हणत. ज्याला आज आपण नाईट, म्हणजे सरदार म्हणतो, तो तेव्हा 'क्निख्त' होता आणि त्याचा अर्थ होता पोरगा, हरकाम्या. सतराव्या शतकात लोकांच्या तोंडून हा 'क्' गळून पडला. जर्मन माणूस मात्र गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो, 'क्'चा स्वच्छ उच्चार करून.

आणि हा 'क्' आपल्याला परका नाही. 1786 साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या भाषा असाव्यात, असं जाहीर व्याख्यानात मांडलं. पुढे इंग्रजी-जर्मनचंही नातं नियमांनी सिद्ध झालं. मूळ भाषेतला 'ग'सारखा ध्वनी त्या शाखेत 'क' झाला आणि संस्कृतात 'ज' झाला. म्हणून इंग्रजी 'नो' आणि आपला 'ज्ञा' धातू हे एकाच घरातले. 'नी' आणि 'जानु' हेही तसेच. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. वहीतल्या यादीतले दोन शब्द असे थेट आपल्या ओळखीचे निघतात, हे मुलांना कुणी सांगत नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. शिवाय ज्ञान लिहिताना आपण 'ज्' आणि 'ञ' जोडतो आणि म्हणतो 'द्न्यान'. ऋषी लिहून 'रुशी' म्हणतो. लिहिलेलं जुनं राहतं आणि बोलणं पुढे जातं, हे आपल्याकडेही घडलेलं आहे.

यादीतला दुसरा अवघड गट 'जी-एच'चा. ठाण्याच्या मुलाला ही जोडी 'घ' म्हणूनच माहीत असते. घोडबंदर, वाघबीळ, घंटाळी या इंग्रजी पाट्या तो रोज वाचतो. मग नाईट म्हणजे रात्र, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी, लाईट म्हणजे हलका, या शब्दांत तो 'घ' गेला कुठे? इथे मूळ उच्चार घशातून येणाऱ्या 'ख'सारखा होता. जुन्या इंग्रजीत तो नुसत्या 'एच'नं लिहीत: रात्रीला 'निख्त', मुलीला 'दोख्तोर'. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्यासाठी 'जी-एच' रूढ केलं. मग बहुतेक ठिकाणी तो ध्वनी विरून गेला आणि लाफ, कफ, रफ अशा काही शब्दांत त्याचा 'फ' झाला. स्कॉटलंडच्या बोलीत 'निख्त' अजून ऐकू येतो. आता हेच शब्द संस्कृतशेजारी ठेवून पाहा: नक्त, अष्ट, दुहिता, लघु. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते नक्त व्रत जुन्या लोकांना ठाऊक असतं. त्यातला 'क्' इंग्रजीत 'जी-एच' होऊन मुका बसला आहे. लघुमधला 'घ' तर आपल्याकडे अजून खणखणीत आहे.

भुताच्या शब्दात, म्हणजे घोस्टमध्ये, 'एच' आला तो निराळ्या वाटेनं. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. त्यांचा धंदा आधी आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजला होता आणि तिकडच्या फ्लेमिश लिहिण्यात या शब्दाला 'जी-एच' असे. ते वळण इंग्रजी शब्दाला चिकटलं. स्पेलिंग गोठली ती मुख्यतः छापखान्यामुळे. पुस्तकांत शब्दांची रूपं पक्की होत गेली आणि नेमक्या त्याच दोन-अडीचशे वर्षांत उच्चार झपाट्यानं पालटले.

छापखान्यानं एक अक्षर तर पार घालवलं. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी थॉर्न नावाचं स्वतंत्र अक्षर होतं. युरोपातून येणाऱ्या छपाईच्या खिळ्यांत ते नसे; आधीच मागे पडत चाललेल्या त्या अक्षराची जागा 'टी-एच'नं कायमची घेतली. ही जोडी रोमन लोकांनी ग्रीक शब्द लिहिण्यासाठी घेतली होती आणि तेव्हा तिचा उच्चार 'त्' आणि त्यात मिसळलेला 'ह', म्हणजे आपल्या 'थ'सारखाच होता. ठाणे स्टेशनच्या इंग्रजी पाटीवर 'टी'नंतर जो 'एच' आहे, तो 'थिंक'मधल्या 'एच'पेक्षा जुन्या चालीला अधिक धरून आहे. 1853 साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे आली, त्या काळच्या इंग्रजी लिखाणात मात्र गावाचं नाव 'टॅना' असंही आढळतं, 'एच'ला पहिल्या अक्षराशेजारी जागाच नाही. शिलाहारांच्या श्रीस्थानकाची इंग्रजीत अशी बरीच ओढाताण झाली.

'डब्ल्यू-आर'ची यादी पाठ करायला सोपी जाते, फक्त अर्थ एकाखाली एक लिहून पाहावेत. रिस्ट म्हणजे मनगट, रिंग म्हणजे पिळणे, रेंच म्हणजे पाना किंवा हिसडा, रिंकल म्हणजे सुरकुती, रीथ म्हणजे गुंफलेलं फुलांचं कडं, रेसल म्हणजे कुस्ती खेळणे. सगळीकडे वळणं आणि पिळणं. राँगचाही मूळ अर्थ वाकडा असाच. राईट म्हणजे लिहिणे, हा शब्द त्यातला नाही. तो ओरखडे काढण्यावरून आला.

म्हणून मला वाटतं, त्या वहीत चौथा रकाना आखावा: पूर्वीचा उच्चार. क्नीफ, निख्त, दोख्तोर असं एकदा मोठ्यानं म्हणवून घेतलं की स्पेलिंग डोळ्यांसमोर राहतं. काही शब्दांपुढे मात्र तो रकाना कोराच राहील. डेट म्हणजे कर्ज आणि डाऊट म्हणजे शंका हे फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत 'बी' नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिन 'देबितुम' आणि 'दुबितारे' आठवून तो मध्ये घातला आणि इंग्रजीत तो कुणी म्हटलाच नाही. आयलंडमधला 'एस' हा आईल या दुसऱ्याच शब्दाच्या भ्रमानं शिरला. थममधला, म्हणजे अंगठ्यातला 'बी' लॅम म्हणजे कोकरू आणि कोम म्हणजे कंगवा, यांच्या पंगतीत बसून आला. त्या दोघांत तो पूर्वी खरोखर म्हटला जात होता, अंगठ्यात कधीच नाही.