जाताना समोरून, येताना पाठून: वाऱ्याचा हिशेब फिटत नाही

इंदूरच्या आमच्या सायकलवाल्यांत वर्षानुवर्षं ऐकतोय, "महूकडे जाताना वारा समोरून असला तर काय झालं? येताना तोच ढकलत आणतो, फिट्टंफाट!" नाही हो, फिट्टंफाट होत नाही.

समजा, एका बाजूचं अंतर २० किलोमीटर. वारा नसताना ताशी २० च्या वेगाने जाऊन-येऊन दोन तास. वाऱ्यामुळे जाताना वेग १२ झाला आणि येताना २८, तर जायलाच १०० मिनिटं, यायला ४३. तेवीस मिनिटं जास्तच, कारण हळू चालण्यातच वेळ जातो.

दमही जास्त लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० ने जाताना समोरून १० चा वारा आला की अंगावर हवा ३० ने येते, म्हणजे विरोध सव्वादोनपट. पाठून तेवढाच असला तर पावपट. सरासरी सव्वापट!

आडव्या वाऱ्याला तर कुणी हिशेबातच धरत नाही. महूच्या वाटेवर राऊच्या पुढे ट्रक वाऱ्याच्या बाजूने शेजारून गेला की वारा क्षणभर अडतो, हँडल ट्रककडे झुकतं आणि ट्रक सरताच वारा पुन्हा थोबाडीत मारतो. नव्या मुलांना मी हे आधी सांगतो. जूनमध्ये वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा नैऋत्येला असलेल्या महूला जायला अर्धा तास जादा धरा.