मोकळा सोडलेला बचावपटू: क्वार्टरबॅकच्या ‘ऑप्शन’ची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये धावण्याचा डाव रूढ पद्धतीने खेळला, तर स्नॅपनंतर (चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यावर) क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूने, चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे तो घेऊन धावणाऱ्याच्या, हाती द्यायचा आणि बाजूला व्हायचे, एवढेच त्याचे काम उरते. यातली अडचण साध्या हिशेबाची आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असले, तरी चेंडू घेऊन पळणारा स्वतः कोणाला अडवत नाही आणि चेंडू सोपवून मोकळा झालेला क्वार्टरबॅकही सहसा अडवत नाही. म्हणजे नऊ जणांनी अकरांना थोपवायचे. ही तूट भरून काढण्यासाठी बचावातला एक खेळाडू मुद्दाम न अडवता सोडायचा आणि तो काय करतो ते पाहून चेंडू कोणाकडे ठेवायचा हे क्वार्टरबॅकने ऐनवेळी ठरवायचे, ही ‘ऑप्शन’ची कल्पना आठ दशकांहून जुनी आहे.

मिसुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांनी १९४१ मध्ये ‘स्प्लिट-टी’ रचना मैदानात उतरवली, ती बास्केटबॉलमधील दोघांविरुद्ध एक या प्रसंगावरून. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या रेषेला समांतर धावत क्वार्टरबॅक बचावाच्या टोकाच्या खेळाडूवर चालून जाई. तो अंगावर आला तर चेंडू साथीदाराकडे फेकी, नाही तर स्वतःच पुढे घुसे. युद्धकाळात नौदलाच्या आयोवातील प्रशिक्षण केंद्रात फॉरो यांच्या हाताखाली काम केलेल्या बड विल्किन्सन यांनी ही रचना ओक्लाहोमात नेली आणि १९५३ ते १९५७ दरम्यान त्यांच्या संघाने सलग ४७ सामने जिंकले. पुढे ह्यूस्टनमध्ये बिल योमन यांचा ‘व्हीअर’ हा ऑप्शनचाच आणखी एक प्रकार आला. १९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठात एमरी बेलार्ड यांनी आखलेल्या ‘विशबोन’मध्ये तर क्वार्टरबॅकला एकाच डावात दोन बचावपटू लागोपाठ ‘वाचावे’ लागत, म्हणजे त्यांच्या हालचाली पाहून निर्णय घ्यावा लागे. या रचनेचा पहिला सामना नेमका ह्यूस्टनशीच झाला आणि २०-२० असा बरोबरीत सुटला. दुसरा टेक्सास हरले, आणि त्यानंतर सलग ३० जिंकले.

आज परिचित असलेल्या ‘झोन रीड’ या ऑप्शनच्या प्रकाराचे श्रेय बहुधा रिच रॉड्रिगेझ यांना दिले जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा महाविद्यालयात प्रशिक्षक होते. सरावात एकदा क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू निसटता निसटता राहिला आणि तो रनिंग बॅकला देण्याची वेळ टळली. डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या फळीतला टोकाचा खेळाडू) रनिंग बॅकच्या मागे आत धावलेला पाहून क्वार्टरबॅक त्याने रिकाम्या केलेल्या बाजूने निघून गेला, असे सांगतात. घटना रंजक असली, तरी मूळ तत्त्व फॉरो यांचेच होते हे मान्य करायला हवे. नवे होते ते शॉटगनमधून (क्वार्टरबॅक रेषेपासून काही यार्ड मागे उभा राहतो ती रचना), पसरलेल्या रचनेत ते वापरणे. चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी टेकवून ठेवायचा आणि नजर एंडच्या खांद्यांवर लावायची. खांदे आत वळले तर चेंडू ओढून घ्यायचा, ते समोर राहिले तर सोडून द्यायचा. बचावानेही यावर उतारा शोधला. एंड मुद्दाम आत घुसतो, क्वार्टरबॅक चेंडू ओढतो आणि मागून वळसा घालून आलेला लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) त्याला बाहेर गाठतो.

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅक जायबंदी होण्याच्या भीतीने ही पद्धत उशिरा रुजली. जानेवारी २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे क्वार्टरबॅक कॉलिन कॅपर्निक यांनी ग्रीन बेविरुद्ध १८१ यार्ड धाव घेतली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन यांचा गुडघा गंभीर दुखावला. तरीही बाल्टिमोरने २०१९ चे आक्रमण लमार जॅक्सन यांच्या पायांभोवतीच उभारले, आणि त्यांनी त्या हंगामात १,२०६ यार्ड धावून क्वार्टरबॅकचा विक्रम केला.

दरम्यान ‘आरपीओ’ने (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास हे ऐनवेळी ठरवण्याचा डाव) निवडीचे स्वरूपच पालटले होते. त्यात क्वार्टरबॅक बहुधा लाइनबॅकरकडे पाहतो: तो धाव रोखायला पुढे आला, की त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत झटपट पास. त्यामुळे फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकणाऱ्या फिलाडेल्फियाच्या निक फोल्स यांच्यासारखा, पळण्यासाठी कधीच न ओळखला गेलेला क्वार्टरबॅकही हे डाव सहज चालवू शकला.