आरसी हरवली, नाव चुकलं, गाडी अजून जुन्या मालकाच्याच नावावर: ठाणे-नवी मुंबईकरांनी काय करायचं

घराला नोंदणीकृत करारनामा असतो, इंडेक्स टू, म्हणजे त्या कराराच्या सरकारी नोंदीचा उतारा, असतो. गाडीला मालकी सांगणारा असा वेगळा दस्त नाही. जे काही आहे ते आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. मोटार वाहन कायदा 1988 ची व्याख्याही सरळ आहे: ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली, तो मालक. पैसे कोणी मोजले, चावी कोणाकडे आहे, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर काय लिहून घेतलं, हे सगळं त्यानंतर.

खिशातलं स्मार्ट कार्ड म्हणजेही त्या नोंदीची छापील प्रत. खरी नोंद 'वाहन' या सरकारी प्रणालीत असते. त्यामुळे कार्ड हरवणं ही किरकोळ बाब आहे आणि नोंद चुकीची असणं ही गंभीर. आपण नेमकं उलटं वागतो. कार्ड सापडेना झालं की घर डोक्यावर घेतो आणि तीन वर्षांपूर्वी विकलेली स्कूटर अजून आपल्याच नावावर आहे याची आठवणही नसते.

आधी आपलं आरटीओ कोणतं ते बघा

एमएच 04 म्हणजे ठाणे, 05 कल्याण, 43 नवी मुंबई, 46 पनवेल. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी पत्त्याच्या बाबतीत गोंधळ होतोच. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा 43 मध्ये येतो. खारघर, कामोठे बोलताना नवी मुंबईच, पण जिल्हा रायगड आणि आरटीओ पनवेलचं. गंमत म्हणजे खारघरला पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. डोंबिवलीचंही तसंच: पोलीस ठाणे आयुक्तालयाचे, आरटीओ कल्याणचं. कागद हरवल्याची तक्रार एका शहराच्या नावाने आणि अर्ज दुसऱ्या शहराच्या आरटीओत, असं झालं तर दचकू नका. त्यात चूक काही नाही.

दुय्यम (डुप्लिकेट) आरसी, पत्ता बदल, एनओसी (ना हरकत दाखला), मालकी हस्तांतरण यातल्या बऱ्याच सेवा मार्च 2021 पासून आधारवर आधारित, म्हणजे कार्यालयात न जाता ऑनलाइन करायची सोय केंद्राने करून दिली आहे. 'परिवहन'च्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो तो) शेवटचे पाच आकडे-अक्षरं टाकली की सुरुवात होते. ओटीपी मात्र नोंदीत असलेल्या मोबाइलवरच येतो. तिथे अनेकदा गाडी घेतानाचा, कधीच बंद झालेला नंबर असतो, किंवा शोरूमच्या माणसाने घाईत स्वतःचाच टाकलेला. म्हणून सगळ्यात आधी मोबाइल नंबर अद्ययावत करा. बाकीचं सगळं त्यावर अडतं.

आणखी दोन अडथळे आधीच दूर करून ठेवा. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली नसेल तर हस्तांतरण, बोजा (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवणं यांसारखी कामं थांबतात. विमा किंवा पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, संपलेलं असेल तरी तेच. थकलेली ई-चलानंही भरून टाका.

कार्ड हरवलं किंवा खराब झालं

हरवलं असेल तर पोलिसांकडे कागद हरवल्याची नोंद करा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती घरबसल्या होते. चोरी असेल, विशेषतः गाडीसकट, तर मात्र पोलीस ठाण्यात रीतसर गुन्हाच नोंदवायचा. कार्ड मोडलं किंवा अक्षरं पुसली गेली असतील तर पोलिसांचा संबंधच नाही, जुनं कार्ड जमा करायचं.

मग फॉर्म 26, म्हणजे दुय्यम आरसीचा अर्ज. सोबत पोलिसांची नोंद, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन नसेल तर फॉर्म 60. गाडीवर कर्ज चालू असेल तर फॉर्म 26 वर बँकेची सहीही लागते, आणि ही गोष्ट लोकांना हमखास काउंटरवर गेल्यावर कळते. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंटही काही वेळा मागतात: नंबर कोरलाय त्या जागी कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. स्कूटरचा नंबर फ्लोअरबोर्डखाली चिखलात असेल तर आधी कापडाने पुसून घ्या, नाहीतर कागदावर नुसता काळा पट्टा उठतो.

शुल्क केंद्रीय नियमांनी ठरलेलं आहे. दुय्यम आरसीला मूळ नोंदणी शुल्काच्या निम्मे पैसे लागतात, म्हणजे दुचाकीला 150 रुपये, खासगी कारला 300. स्मार्ट कार्डाचे 200 आणि वर टपालखर्च. गेटबाहेरचा एजंट यासाठी हजारांत आकडा सांगायला लागला तर ही रक्कम डोक्यात असू द्या. परराज्यातली गाडी आणायची किंवा चेसिसचा घोळ निस्तरायचा असेल तर एजंटचा उपयोग होतो हे मी नाकारणार नाही. नुसत्या दुय्यम आरसीसाठी त्याची गरज नाही.

नवं कार्ड येईपर्यंत गाडी घरात उभी करून ठेवायचं कारण नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरा, असं केंद्राने 2018 सालीच राज्यांना कळवलं आहे. अट एकच, ती ॲपमध्ये दिसायला हवी. गॅलरीत ठेवलेला फोटो चालत नाही.

नोंदीतली चूक

डिजिलॉकरमध्ये आरसी का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा नावात असतं. आरसीवर 'पाटील एस आर' आणि आधारवर 'संजय रामचंद्र पाटील' असेल तर प्रणालीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

चूक कुणाची झाली यावर रस्ता ठरतो. शोरूममधून नोंदणी करताना झाली असेल तर मूळ विक्री बिल, फॉर्म 20 (नोंदणीचा मूळ अर्ज) ची प्रत आणि विमा पॉलिसी काढा. त्यांत नाव बरोबर असेल तर दुरुस्तीच्या अर्जाला बळ येतं, आणि शोरूमलाच पाठपुरावा करायला लावता येतं. गाडी नवी असताना हे चटकन होतं. म्हणून कार्ड हातात पडलं की त्याच दिवशी नाव, चेसिस, इंजिन नंबर, इंधन आणि उत्पादनाचा महिना गाडीशी ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र लागतं, पूर्ण नावच बदललं असेल तर राजपत्र. चेसिस किंवा इंजिन नंबरात चूक असेल तर मात्र घरबसल्या काही होत नाही. गाडी तपासणीसाठी न्यावी लागते आणि मोटार वाहन निरीक्षक स्वतः नंबर बघतो.

पत्ता बदलला तर 30 दिवसांत फॉर्म 33. आधारवर नवा पत्ता आधी करून घेतला तर पुढचं सोपं जातं.

बँकेचा बोजा

हप्ते संपले म्हणजे बोजा आपोआप उतरला, असं नाही. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35, दोन प्रती, घेऊन अर्ज करावा लागतो. या एनओसीवर बहुतेक वेळा तीन महिन्यांची मुदत असते, ती कपाटात ठेवून विसरू नका. आरसीवरची बँकच आता अस्तित्वात नसेल तर? देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात. अशा वेळी जिच्यात विलीन झाली त्या बँकेकडून एनओसी घ्यायची.

गाडी विकली किंवा जुनी घेतली

इथे सगळ्यांत जास्त निष्काळजीपणा होतो. फॉर्म 29 आणि 30, ज्याला बाजारात टीटीओचा (मालकी हस्तांतरणाचा) सेट म्हणतात, त्यावर कोऱ्या सह्या करून द्यायच्या, पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. घेणारा तो सेट तसाच ठेवतो, वर्षभराने गाडी तिसऱ्याला विकतो आणि तेच फॉर्म पुढे सरकवतो. नोंदीत मालक तुम्हीच. सिग्नल तोडल्याचे मेसेज तुमच्या मोबाइलवर येतात, ही त्यातल्या त्यात स्वस्तातली शिक्षा.

महागडी शिक्षा अपघातात होते. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच दावा होता. गाडी एका हातून दुसऱ्या हाती अशी अनेकदा विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर टाकली. अपघातात सापडलेल्याने विक्रीच्या साखळीचा माग काढत बसायचं नसतं, हा त्यामागचा विचार. विकणाऱ्याला तो कडक वाटेल, पण मला तो योग्य वाटतो.

कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत फॉर्म 29 वर कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत फॉर्म 30 चा अर्ज करायचा. हस्तांतरणाचं शुल्कही निम्मंच, दुचाकीला 150, कारला 300. मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे पॅन आणि आधार, बोजा असेल तर बँकेची संमती. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आधी फॉर्म 28 वर एनओसी. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका. गाडी दिल्याची पोचपावती वेळेसकट लिहून घ्या, कारण त्या दिवसानंतरचं चलान आलं तर तीच दाखवावी लागते.

जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर तो परिवहन खात्याकडे अधिकृत म्हणून नोंदलेला आहे का, हे विचारा. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार अशा डीलरकडे गाडी दिल्याची सूचना फॉर्म 29सी ने ऑनलाइन दिली की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. तो हे टाळत असेल आणि तरीही कोऱ्या सह्या मागत असेल तर दुसरा डीलर बघा.

घेणाऱ्यासाठी विम्याचंही बघा. पॉलिसी नावावर करण्यासाठी विमा कंपनीला 14 दिवसांत कळवायचं असतं. नो क्लेम बोनस (आधी दावा केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याचा असतो, त्यामुळे थोडा फरक भरावा लागतो.

मालक गेल्यानंतर

वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 वर गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. तेवढे तीन महिने गाडी वापरायची मुभा कायदाच देतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. भावंडांपैकी एक जण परदेशात असला की नेमकं तिथे गाडं अडतं. 2021 पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. आईवडिलांच्या नावावर गाडी असेल तर हे काम आजच करून टाका, दोन मिनिटांचा विषय अवघड वाटला तरी.

अर्ज केला की अर्ज क्रमांक जपून ठेवा, त्यावरून फाइल कुठल्या टेबलावर आहे ते ऑनलाइन दिसतं. कार्ड स्पीड पोस्टने नोंदीतल्या पत्त्यावर येतं. दिवसभर घर बंद असेल तर सोसायटीच्या वॉचमनला आणि शेजारच्यांना सांगून ठेवा. पोस्टमनला कोणी भेटलं नाही तर ते पाकीट आरटीओत परत जातं आणि ते आणायला ओळखपत्र घेऊन तुम्हालाच तिथे जावं लागतं.