बडोद्याचा रेल्वे वारसा आणि सामुदायिक कला

बडोदे (वडोदरा) शहरात गायकवाडी रेल्वेची आठवण जपणाऱ्या जागा, वस्तू आणि लोकांच्या हातच्या कला यांविषयीची नोंद. लोखंडी इंजिन चौथऱ्यावर चढवून रंगवणे हे अशा वारशाचे सर्वांत परिचित रूप. बडोद्याच्या रेल्वेची सुरुवात मात्र इंजिनाने झाली नाही, आणि तिच्यावरची कोणतीही कला तिथूनच सुरू व्हायला हवी.

बैलांची आगगाडी. महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम हा सुमारे 32 किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. भारतातला हा पहिला अरुंदमापी मार्ग. लोकांच्या तोंडी नॅरोगेज. दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे आजच्या ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. मोठा माणूस एका ढांगेत ओलांडेल एवढे. या रुळांवरून डबे ओढायचे ते बैल. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची वाफेची इंजिने आणून पाहिली, पण हलक्या रुळांना त्यांचे वजन पेलेना आणि काम पुन्हा बैलांकडे आले. 1873 मध्ये, मल्हारराव गादीवर असताना, भक्कम रूळ टाकल्यावर वाफेची गाडी खऱ्या अर्थाने धावू लागली. मधली दहाएक वर्षे रुळांवर बैल चालत होते. लोखंडी रूळ, डब्याची चाके आणि पुढे घुंगुरमाळा वाजवत निघालेला बैल असे चित्र मनात आणले की खंडेरावांच्या काळचा सगळा बदल एका नजरेत दिसतो.

विस्तार. सयाजीराव तिसरे यांच्या दीर्घ कारकिर्दीत हे जाळे वाढत गेले आणि डभोई नॅरोगेजचे फार मोठे जंक्शन झाले. शहराच्या बाजूने या गाड्यांचे ठाणे म्हणजे गोयागेट, पुढचे प्रतापनगर. 1949 मध्ये संस्थानाची ही रेल्वे बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेत आणि 1951 मध्ये पश्चिम रेल्वेत विलीन झाली. दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांना या मार्गांपैकी जवळचा वाटे तो चांदोदचा. नर्मदास्नान, पितरांचे विधी आणि गरुडेश्वरी वासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी) यांच्या समाधीचे दर्शन यांसाठी त्या बाजूला जाणे असे. चांदोदची वाट आता ब्रॉडगेज झाली आहे. ती पुढे केवडियापर्यंत जाते. तिथल्या स्थानकाचे उद्‌घाटन जानेवारी 2021 मध्ये झाले. सोय वाढली हे खरेच, पण खिडकीतून हात काढला तर शेताला लागेल अशी ती गाडी पुन्हा दिसणार नाही. म्हणूनच ती चित्रात, बोलण्यात आणि खेळण्यात उतरवून ठेवण्याची निकड आहे.

बागेतली गाडी. राजवाड्यातल्या मुलांसाठी लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात एक छोटी आगगाडी होती. आंब्याच्या बागेतून ती मुलांच्या शाळेकडे जाई. त्या शाळेच्या इमारतीत आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. 1956 मध्ये ही गाडी शहरातल्या मुलांसाठी कमाटीबाग या सार्वजनिक बागेत आली आणि राजपुत्रांचे खेळणे सगळ्या गावाचे झाले. बडोद्याच्या कित्येक पिढ्यांना ‘आगगाडी’ या शब्दासरशी आधी आठवते ती हीच. पुढे जुने इंजिन दुरुस्त करून संग्रहालयाजवळ ठेवण्यात आले. खऱ्या नॅरोगेजची वाफेची इंजिने आणि डबे पाहायचे, तर प्रतापनगरचे रेल्वे वारसा उद्यान आहे.

कलेची बाजू. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा 1950 मध्ये सुरू झाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे हे तिच्या पहिल्या शिक्षकांपैकी एक. या शाखेने 1961 पासून भरवलेल्या फाइन आर्ट्स फेअरमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक स्वतःच्या हातांनी खेळणी आणि मुखवटे घडवून सामान्य लोकांना परवडतील अशा किमतीत विकत. शहरकला आणि लोककला यांच्यातली भिंत या जत्रेने पातळ केली. आगगाडीचा वारसा लोकांच्या हाती द्यायचा तर याहून चांगला नमुना शोधायची गरज नाही.

दक्षिणेला समुद्राजवळचे बिलिमोरा हेही गायकवाडांच्या रेल्वेतलेच गाव. तिथून वघईला जाणारा 63 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग 1913 चा. तो डांगच्या जंगलात शिरतो. डांगात वारली समाजाचीही वस्ती आहे. वारली चित्रकारांनी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषेत झाड, तारपा (फुंकून वाजवायचे वाद्य) आणि लग्नचौक यांच्याबरोबर आगगाडीलाही जागा दिली आहे. त्यांच्या चित्रात डब्यांच्या खिडक्यांमधून माणसे दिसतात, इंजिनाची ऐट नसते. रेल्वेला गावाचाच एक भाग मानणारी ही नजर फार मोलाची आहे.

घरची आरास. मराठी घरांत आगगाडी घडवण्याचे काम गणपतीत होते. काड्यापेट्यांचे डबे, बाटल्यांच्या झाकणांची चाके, कापसाचा धूर, पुठ्ठ्याचा बोगदा आणि फलाटावर गणपती: असा देखावा मुले सहज उभा करतात. त्यात बहुधा इंजिनच पुढे असते. पण पिठोरी अमावास्येचा पोळा गणेश चतुर्थीच्या चारच दिवस आधी येतो, आणि पूजा झालेले मातीचे बैल तेव्हा घरातच असतात. इंजिन बाजूला काढून त्यांतला एक बैल दोऱ्याने पहिल्या डब्याला जोडला की 1862 ची डभोई–मियागाम गाडी पाटावर उभी राहते.