युद्धाची परवानगी आणि युद्धाचा पैसा: उमेदवाराची दोन वेगळी मतं

अमेरिकेत सिनेटर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला की त्याच्या मतदानाची जुनी नोंद लोक उकरून काढतात. युद्ध चालू असेल तर त्या नोंदीत एकाच युद्धाबद्दल दोन जातींची मतं सापडतात: एक युद्धाच्या परवानगीचं, दुसरं युद्धाच्या खर्चाचं. प्रचारात दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात. एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ दिसलं की उमेदवार डळमळीत ठरतो. प्रत्यक्षात हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि उमेदवारानं स्वतःच त्यांची सरमिसळ केली तर त्याला कोणी वाचवू शकत नाही.

आधी परवानगी. युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातल्या आठव्या कलमानं काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या अमेरिकी संसदेला, दिला आहे. पण अमेरिकेनं रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून 1942 मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतरच्या मोठ्या युद्धांत काँग्रेसनं संमती दिली तेव्हा ती संयुक्त ठरावानं दिली: बळाचा वापर करायला राष्ट्राध्यक्षाला मुभा. इराकचा ठराव प्रतिनिधीगृहात 10 ऑक्टोबर 2002 ला 296 विरुद्ध 133 मतांनी आणि सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23 मतांनी मंजूर झाला. त्या ठरावात हल्ल्याची तारीख नव्हती, रक्कम नव्हती, मुदत नव्हती. राजनैतिक मार्ग पुरेसे नाहीत असा निष्कर्ष काढून तसं काँग्रेसला कळवायचं, ही मुख्य अट राष्ट्राध्यक्षावर होती. म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्यानं निर्णय घेतला नव्हता, तो दुसऱ्याच्या हाती सोपवला होता. युद्ध सुरू झालं पाच महिन्यांनी, मार्च 2003 मध्ये.

परवानगीची मोठी अडचण अशी की ती परत घेतल्यानं युद्ध थांबतंच असं नाही. व्हिएतनाममध्ये बळ वापरण्याची परवानगी देणारा ‘टोंकिनच्या आखाताचा ठराव’ ऑगस्ट 1964 मध्ये सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाला होता. जानेवारी 1971 मध्ये तो रद्द झाला, तरी सैन्य तिथेच होतं आणि बाँबफेक चालूच राहिली.

आता पैसा. कायद्यानं मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, आणि लष्करासाठीची तरतूद दोन वर्षांपेक्षा जास्त काळाची असू शकत नाही. या दोन्ही गोष्टी राज्यघटनेतच आहेत. त्यामुळे परवानगी एकदाच दिली तरी पैसा पुन्हा पुन्हा मागावा लागतो. इराक युद्धाचा बराचसा पैसा पुरवणी विधेयकांतून गेला. आपल्या विधिमंडळातल्या पुरवणी मागण्या डोळ्यांसमोर आणल्या की कल्पना येईल. नेहमीच्या संरक्षण अर्थसंकल्पात फौजेचा रोजचा संसार चालतो. लढाईमुळे वाढलेला खर्च पुरवणीत येतो: जादा इंधन, लढाईच्या क्षेत्रातला भत्ता, दुरुस्ती, नवी सामग्री. त्याच विधेयकात भलत्या गोष्टीही घुसवता येतात, म्हणून त्यावरच्या ‘नाही’चा अर्थ एकच नसतो. खरोखर युद्ध थांबवायचं असेल तर ते इथेच थांबतं. 15 ऑगस्ट 1973 नंतर आग्नेय आशियातल्या लष्करी कारवाईला पैसा नाही, असं काँग्रेसनं कायद्यात लिहिलं आणि कंबोडियावरची बाँबफेक त्या दिवशी संपली.

2004 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याविरुद्ध उभे राहिलेले डेमोक्रॅटिक सिनेटर जॉन केरी यांचं नुकसान झालं ते या दोन खात्यांच्या मधल्या जागेत. ऑक्टोबर 2002 मध्ये त्यांनी ठरावाला ‘हो’ म्हटलं. सप्टेंबर 2003 मध्ये जॉर्ज बुश यांनी इराक आणि अफगाणिस्तानसाठी सुमारे 87 अब्ज डॉलर मागितले. त्यातले साधारण 20 अब्ज पुनर्बांधणीचे होते. केरी आणि जो बायडेन यांची दुरुस्ती अशी होती की हा पैसा कर्जातून नको, अतिश्रीमंतांना दिलेली करसवलत कमी करून उभा करा. 2 ऑक्टोबरला ती 57 विरुद्ध 42 मतांनी बाजूला सारली, म्हणजे फेटाळली गेली. 17 ऑक्टोबरला मूळ विधेयक 87 विरुद्ध 12 मतांनी मंजूर झालं आणि त्या 12 जणांत केरी होते. या मतदानाच्या महिनाभर आधीच त्यांनी टीव्हीवर सांगितलं होतं की कोणताही सिनेटर सैन्याला वाऱ्यावर सोडणार नाही. विरोधकांनी हे वाक्य जपून ठेवलं यात नवल नाही.

आमच्या मते त्या ‘नाही’चं समर्थन करता येत होतं. विधेयक मंजूर होणार हे उघड होतं, सैनिकांची रसद त्या एका मतानं तुटणार नव्हती, आणि पैसा कुठून आणायचा हा प्रश्न रास्त होता. खुद्द बुश प्रशासनानंही पुनर्बांधणीचा भाग कर्ज म्हणून दिला तर नकाराधिकार वापरू, असा इशारा दिला होता. म्हणजे पैसा एका रूपात मान्य आणि दुसऱ्या रूपात अमान्य, ही भूमिका दोन्ही बाजूंची होती. पण मार्च 2004 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन इथे केरी म्हणाले की 87 अब्जांच्या विरोधात मत देण्याआधी आपण त्यांच्या बाजूनं मत दिलं होतं. ‘बाजूनं’ दिलेलं मत होतं दुरुस्तीला. दुरुस्ती आणि मूळ विधेयक ही वेगवेगळी मतदानं आहेत हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं. त्याला फक्त कोलांटउडी ऐकू येते. बुश यांच्या प्रचारानं ते वाक्य जाहिरातीत वापरलं.

ऑगस्टमध्ये ग्रँड कॅनियनपाशी विचारलं गेलं: आज जे कळलंय ते तेव्हा माहीत असतं तरी ठरावाला ‘हो’ म्हटलं असतं का? केरी यांनी होकार दिला. राष्ट्राध्यक्षाकडे तो अधिकार असायला हवा, असं त्यांचं म्हणणं. परवानगीच्या खात्यात हे उत्तर सुसंगत आहे. पण लोक विचारत होते ‘तुम्ही युद्धावर गेला असतात का’, आणि त्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या 20 सप्टेंबरच्या भाषणापर्यंत ठाशीव शब्दांत आलं नाही. तोवर मतदानाला सहा आठवडे उरले होते.

म्हणून नोंद वाचताना चार गोष्टी पाहाव्यात: ठराव की खर्चाचं विधेयक; दुरुस्ती, बाजूला सारण्याचा प्रस्ताव की अंतिम मतदान; ते एक मत निर्णायक होतं का; आणि नंतर काय झालं. 87 अब्जांचं, दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांच्या तडजोडीतून बनलेलं अंतिम विधेयक सिनेटनं नोव्हेंबरमध्ये आवाजी मतदानानं मंजूर केलं. तिथे कोणाच्या नावापुढे काहीच नोंद नाही.

2008 च्या शर्यतीत बराक ओबामांची नोंदही वरवर पाहता विसंगतच होती. 2 ऑक्टोबर 2002 ला शिकागोच्या सभेत त्यांनी युद्धाला विरोध केला. सिनेटमध्ये आल्यावर 2005 आणि 2006 मध्ये युद्धखर्चाला मतं दिली. त्यांच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या बाजूनं यावर बोट ठेवलंही गेलं. पण ओबामांचं उत्तर दोन वाक्यांत मावत होतं: जायला नको होतं, आणि गेलेल्या सैनिकांना उघड्यावर सोडायचं नाही. माघारीची मुदत घातलेलं विधेयक 1 मे 2007 ला बुश यांनी नाकारलं. मुदत नसलेलं विधेयक आलं तेव्हा 24 मेला सिनेटमध्ये 80 विरुद्ध 14 असं मतदान झालं. त्या 14 जणांत ओबामा होते आणि क्लिंटनही होत्या. पैशाच्या खात्यात दोघांचं मत आता एकच होतं. फरक उरला तो 2002 मध्ये क्लिंटन यांनी परवानगीला दिलेल्या ‘हो’चा, आणि ते मत चूक होती असं म्हणायला क्लिंटन त्या शर्यतीत तयार नव्हत्या.