रेटचा स्क्रीनशॉट पाठवण्याआधी हे वाचा

(विमान तिकीट काढणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

रात्री दहा वाजले की आमच्या व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट यायला लागतात. "दुबई एवढ्यात दाखवतंय, सकाळी काढून टाका." सकाळी बघावे तर तो रेट गेलेला असतो. नाहीतर असतो, पण त्यात बॅग नसते, किंवा विमान मुंबईहून असते आणि ग्राहक निपाणीचा. आम्ही फोन करायचा, समोरून "काल तर होतं की" ऐकायचे, आणि या बोलण्यात आणखी पाचशे वाढायचे. दिवसाला असे चार-पाच फोन होतात.

बसचे भाडे पहिल्या माणसाला जे, तेच शेवटच्याला. विमानात तसे नसते. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटलेल्या असतात; खालचा गट संपला की पुढच्या गटाचा भाव लागतो. "मी दोनदा बघितलं म्हणून मोबाईलने रेट वाढवला" असे बरेच जण सांगतात. बहुतेक वेळा झालेले एवढेच असते की मधल्या वेळात कुणीतरी ती जागा घेतली.

यातून वाचवायची एक युक्ती आहे. समजा 4,200 रुपयांच्या दोनच जागा उरल्या आहेत आणि पुढचा गट 5,100 चा आहे. तुम्ही चार जणांचे एकत्र शोधले तर चौघांनाही 5,100 च दाखवणार. दोन-दोन करून काढले तर पहिले दोघे 4,200 मध्ये बसतात आणि 1,800 रुपये वाचतात. आम्ही दरवेळी हे करून बघतो. मात्र पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) दोन होतात, म्हणजे विमान रद्द झाले तर दोन्हीकडे वेगवेगळे निस्तरावे लागते. म्हाताऱ्या आई-वडिलांना एकटे वेगळ्या पीएनआरवर टाकू नका.

"दादा, तेवढं होल्डला ठेवा, संध्याकाळी घरात विचारून सांगतो" हे वाक्य आम्हाला पाठ झाले आहे. होल्ड म्हणजे पैसे न भरता जागा राखून ठेवणे; स्वस्त कंपन्यांच्या तिकिटांना तो बहुधा नसतोच. काही मोठ्या कंपन्या काही तास देतात, पण त्या तासांतही भाव बदलला तर बदललाच. घरात आधी विचारा, मग आम्हाला विचारा. रेट ऐकून दोन तासांनी आलात आणि वाढला असेल तर ते पैसे आमच्या खिशात गेलेले नसतात.

आता मोठी चूक, जिच्यात खरा पैसा जातो: वेगवेगळी दोन तिकिटे जोडणे. सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, परदेशात थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये बदलावे लागतेच. मोबाईलवर सांबरा-हैदराबाद एका ॲपवर आणि हैदराबाद-दुबई दुसऱ्यावर स्वस्त दिसते, बेरीज हजार-दीड हजाराने कमी येते. पण देशातल्या विमानात साधारण 15 किलो सामान मिळते. आखाताच्या तिकिटावर 30 किलो असले तरी ते दुसऱ्या विमानापासून. म्हणजे सांबऱ्याच्या काऊंटरवर 15 किलो जादा, किलोला 500 धरा, 7,500 तिथेच गेले. शिवाय हैदराबादला बॅग घेऊन बाहेर यायचे, पुन्हा रांगेत लागायचे, आणि पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. एकाच पीएनआरवर काढले तर बॅग बहुधा थेट दुबईला जाते, परदेशातल्या विमानाची सामानाची मर्यादा सांबऱ्यापासून धरली जाते आणि पुढचे विमान चुकल्यास दुसऱ्यात बसवणे ही कंपनीची जबाबदारी राहते. आमचा रेट ॲपपेक्षा जास्त वाटतो तो पुष्कळदा यामुळे.

तसेच, तिकीट सांबरा-बेंगळूर-दिल्ली असेल तर "मुलगा बेंगळूरातच आहे, तिथूनच चढेल" असे चालत नाही. पहिला टप्पा सोडला की पुढचे सगळे, परतीचेसुद्धा, आपोआप रद्द होते.

विमान कुठून धरायचे हे घरापासून मोजा. सांबरा, हुबळी, कोल्हापूर आणि गोवा, चार पर्याय आपल्या हाताशी आहेत. एवढे फार कमी गावांना मिळतात. गोव्याचा रेट कमी दिसला की लोक हुरळतात. चोर्ला घाटातून गाडीभाडे, पहाटेचे विमान असेल तर रात्रीची झोप आणि पावसाळ्यातला घाट, हे धरून बघा. चौघांचे कुटुंब एका गाडीत जात असेल तर गोवा परवडतो, एकट्याला क्वचितच. आणि गोव्यात आता विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि 2023 पासून मोपा. गेल्या मे महिन्यात शहापूरचे एक कुटुंब दाबोळीला जाऊन उभे राहिले, तिकीट मोपाचे. तिकीट त्यांनी स्वतः काढले होते, निस्तरायला फोन मात्र आम्हाला आला. मुंबईचेही आता तसेच. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावरचे नाव नीट वाचा.

तिकीट कोणत्या वारी काढले याला फार अर्थ नाही, कोणत्या वारी उडता याला आहे. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार महाग, मंगळवार-बुधवार बरे. देशात तीन-चार आठवडे आधी, परदेशासाठी दोन-तीन महिने आधी बघायला लागा. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना 21 दिवस आधी बुकिंग करायला सांगितले आहे, ते उगीच नाही. गणपती, दिवाळी आणि मे महिना यांना मात्र कसलाच नियम लागू नाही. जाणे-येणे परदेशासाठी एकत्र काढलेले पुष्कळदा स्वस्त पडते. देशात बहुधा फरक पडत नाही.

एलटीसी (सरकारी प्रवास सवलत) घेणाऱ्या केंद्र सरकारी मंडळींनी आमच्याकडे येऊ नये. त्यांना तीनच एजन्सी मान्य आहेत, आमचे बिल पास होणार नाही. लष्करातल्या जवानांनी मात्र ओळखपत्र जरूर दाखवावे, बऱ्याच कंपन्या मूळ भाड्यात सवलत देतात. विद्यार्थ्यांना सवलतीबरोबर जादा सामानही मिळते.

तिकीट रद्द केले आणि "नॉन रिफंडेबल" लिहिलेले असले, तरी विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. विमान चुकले तरी मिळतात. मागावे लागतात एवढेच. आमच्याकडून काढलेल्या तिकिटाचे आम्ही मागतो.

आम्ही माणशी सेवाशुल्क घेतो आणि ते बिलावर वेगळे लिहितो. ॲपवालेही शेवटच्या पानावर सुविधा शुल्क लावतात, फक्त ते पहिल्या पानावर दिसत नाही.

रेट विचारताना प्रवाशांच्या पासपोर्टचा किंवा आधारचा फोटो, जन्मतारखा, एकूण किती किलो सामान आणि तारीख दोन दिवस मागे-पुढे चालेल का, एवढे एकाच मेसेजमध्ये पाठवा. नाव टाइप करून पाठवू नका. घरात अण्णा, कार्डावर अण्णाप्पा आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव जोडलेले, असे आपल्याकडे घरोघरी आहे, आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल तर दुबईचा व्हिजिट व्हिसा अडू शकतो. जुन्या पासपोर्टवर "बेळगावी"ऐवजी "बेळगाव" लिहिलेले असले तर चालते, हा प्रश्न कृपया विचारू नका. स्क्रीनशॉटही पाठवा, आमची हरकत नाही. त्यापेक्षा कमीत निघाले तर आम्हीच आधी फोन करतो. सकाळी साडेदहाच्या आत पाठवले तर त्याच दिवशी दुपारपर्यंत उत्तर मिळेल.